दोघा रंगाऱ्यांची शिडी

“अहो, पडला कसला? धाकट्यानंच तर…”

एवढंच माझ्या कानावर आलं आणि टाकीचा पंप सुरू झाला. पुढचं सगळं त्या घरघराटात वाहून गेलं. पंप थांबला तेव्हा इस्त्रीवाली आणि वरच्या मजल्यावरची शिंपीणबाई जिन्याशी तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या. सांगणं संपलं होतं, नुसतं “बाई गं!” उरलं होतं.

मी शिडी बोलतेय. थोरला रंगारी ज्या शिडीवरून पडला, तीच मी. तेव्हा त्याच्याच घराबाहेरच्या बोळात, खिडकीखाली आडवी पडून होते. माझी एक पायरी तडकली आणि थोरल्याचं मांडीचं हाड. त्याचं हाड प्लास्टरमध्ये घातलं होतं, माझ्याकडे अजून कुणी बघितलेलं नव्हतं. चालायचंच. आधी माणूस, मग लाकूड.

आता तुम्ही म्हणाल, शिडीला कशाला हव्यात लोकांच्या चौकशा? अहो, जन्मच तसा. ज्या घरात पाहुण्याला बाहेरच्या खोलीपुढे येऊ देत नाहीत, तिथे मला थेट आतल्या खोलीत नेतात. कपाटावर काय दडवलंय, माळ्यावर काय कोंबलंय, भिंतीवरच्या फोटोमागे किती जळमटं आहेत, हे घरच्या सुनेआधी मला कळतं. भोचक म्हणा हवं तर. पण एका घरातलं दुसऱ्या घरात मी कधी नेलं नाही. तोंड असतं तरी नेलं नसतं, अशी शपथ मात्र घेणार नाही.

एका पाडलेल्या घराचे वासे होते, त्यांतून माझे दोन्ही दांडे निघाले. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. मी तर फिरलेल्या घराचाच वासा, तरी सरळ राहिले. या दोघा भावांचे वडील रंगारी होते, त्यांनी मला ओळखीच्या मिस्त्रीकडून करून घेतलं. मिस्त्रीनं मला भिंतीला लावलं, वर चढला आणि शेवटच्या पायरीवर उभं राहून चक्क उड्या मारल्या.

“सांभाळेल,” खाली उतरून तो म्हणाला. “लाकूड चांगलं असलं की शिडी दगा देत नाही. दगा देते ती जमीन.”

“आणि खाली धरणारा?” वडिलांनी विचारलं.

मिस्त्री हसला. “तो मी बनवत नाही बाबा. तो तुमच्या घरचा.”

वडिलांनी दोन्ही मुलांना माझ्यावरच शिकवलं. थोरला वर चढायचा, धाकटा खाली धरायचा. एक शिस्त त्यांनी घालून दिली होती. रंगकामाला फरशीवर प्लास्टिक अंथरतात, रंग सांडू नये म्हणून. त्या प्लास्टिकवर शिडी उभी केली की ती सरकणारच. म्हणून पहिल्या पायरीवर पाय ठेवण्याआधी वरच्यानं म्हणायचं, “खालचं बघ.” खालच्यानं प्लास्टिक मागे सारायचं, माझ्या पायांना गुंडाळलेलं गोणपाट नीट बसलंय का पाहायचं आणि म्हणायचं, “बघितलं.” मग चढायचं. मधेच खालच्याला कुठे जायचं झालं तर त्यानं विचारायचं, “सोडू का?” वरून “सोड” आल्याशिवाय हात काढायचा नाही. वडील गेले, ब्रशांच्या जोडीला रोलर आले, चुन्याच्या जागी चकचकीत रंगांचे डबे आले, पण हे बोलणं राहिलं. श्वास घ्यावा तसं ते दोघे ते बोलायचे. काय बोलतोय हे त्यांचं त्यांनाही कळत नसेल.

या दोघांबरोबर मी किती घरं पाहिली, विचारू नका. माणसं पाहिली ती बहुतेक खालून नाहीतर वरून, समोरून फार थोडी. पण खालून-वरून माणूस जास्त कळतो. चढणारा माझ्याकडे बघतसुद्धा नाही, त्याचे डोळे वर लागलेले असतात. तोच माणूस उतरताना मात्र प्रत्येक पायरी पायानं चाचपतो, जणू मघाशी चढला ती शिडी दुसरीच होती. आणि माळे? टाकवत नाही आणि वापरवतही नाही, ते सगळं माणूस माळ्यावर ठेवतो. सायकलचं एकच चाक, झाकण हरवलेला डबा, बहिणीशी झालेलं भांडण.

रंग निवडताना नवरा-बायको भांडतात ते कधीच रंगावरून नसतं, हेही मी सांगून ठेवते. “तुला नेहमी फिकटच आवडतं” या वाक्यातला ‘नेहमी’ कुठून आलेला असतो ते त्या दोघांनाच ठाऊक. भिंत बिचारी मधे सापडते. आणि आणखी एक. प्रत्येक घरात एक ओली भिंत असते, आणि तिच्यापुढे कपाट लावलेलं असतं. कपाट हलवलं की घरची माणसं आश्चर्य वाटल्यासारखं दाखवतात. थोरला अशा वेळी म्हणायचा, “आधी ओल काढा, मग रंग. वरून कितीही हात द्या, ती बाहेर येणारच.” दुसऱ्याच्या भिंतीबद्दल माणूस किती शहाणा असतो!

कारण त्याच्या स्वतःच्या घरात ओल धरायला सुरुवात झाली होती.

झालं असं. एका डॉक्टरांच्या दवाखान्यात काम चाललं होतं. त्या दिवशी छताजवळची रेघ माझ्यावर चढून धाकटा ओढत होता, आणि ती जराशी लहरली. थोरल्यानं डॉक्टरांसमोर, नर्ससमोर, बाकावर बसलेल्या पेशंटांसमोर त्याला खाली उतरवून हातातला ब्रश काढून घेतला. “दे इकडे. तुझा हात बसेपर्यंत माझ्या डोक्यावरचे केस जायचे.” पेशंटसुद्धा हसले. ज्याचा दात दुखत होता तोही हसला. धाकट्याच्या कानशिलावर तेव्हा पांढरे केस दिसायला लागले होते. तो डबा उचलून बाहेर गेला, आणि त्या दिवसापासून त्यानं दादाशी बोलणं टाकलं.

थोरल्याला वाटलं, बोलेल उद्या, जातोय कुठे? धाकट्याला वाटलं, चूक त्याची, त्यानंच आधी बोलावं. थोरला म्हणे मी मोठा, धाकटा म्हणे मी दुखावलेला. दोघांचंही खरं होतं, तिथेच पंचाईत. एकाचं खोटं असतं तर लवकर मिटलं असतं.

बरं, अबोला धरला म्हणून पोट थांबतं का? काम तर जोडीनंच करायचं. राहायचंही एकाच घरात, दोन खोल्यांत. मग निरोप सुरू झाले. थोरल्याची बायको, म्हणजे धाकट्याची वहिनी, मधे सापडली.

“वहिनी, दादाला विचारा, उद्या कुठून सुरुवात करायची?”

दादा तिथेच, हातभर अंतरावर, बशीत चहा ओतत बसलेला. “सांग त्याला, स्वयंपाकघरापासून.”

“ऐकलंत ना भाऊजी?” वहिनी म्हणायची. “का मी परत वाजवू? मी काय रेडिओ आहे?”

सुरुवातीला तिला गंमत वाटली. नंतर तिनं डोक्याला हात लावला. नंतर ती नुसती निरोप पोचवायला लागली, आवाजात काही न आणता. मला तेव्हाच काळजी वाटली. घरातलं भांडण जेव्हा घरच्यांना सवयीचं होतं, तेव्हा ते भांडण राहत नाही, फर्निचर होतं. माणसं त्याला वळसा घालून चालायला लागतात.

माझंही तसंच. “खालचं बघ” बंद झालं. “बघितलं” बंद झालं. धाकटा आपणहून प्लास्टिक सारायचा, थोरला आपणहून एकदा खाली बघायचा. चाललं होतं. चाललं होतं म्हणून तर कुणाला भीती वाटली नाही.

मग शिकवणीच्या बाईंचं घर लागलं. एकट्या राहणाऱ्या, गणित शिकवणाऱ्या, केस घट्ट बांधलेल्या बाई. उंच छताची जुनी खोली होती. पहिल्याच दिवशी धाकटा त्यांना म्हणाला, “बाई, त्यांना सांगा, भिंतीच्या भेगांत भरलेली लांबी वाळली नाही अजून.”

“अहो, ते इथेच उभे आहेत की.”

“हो. सांगा ना.”

बाईंनी सांगितलं. तिकडून थोरला म्हणाला, “त्यांना म्हणावं, मला दिसतंय.”

असं दिवसभर. दुसऱ्या दिवशी बाई कंबरेवर हात ठेवून खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या. “मला एकदा सांगून टाका, तुमच्यातला मुका कोण आणि बहिरा कोण? म्हणजे त्या हिशेबानं मी ओरडेन.”

थोरल्यानं चेहरा भिंतीकडे वळवला. धाकटा डब्यात वाकून रंग ढवळायला लागला. मी दोघांच्या मधे होते, मला दोन्ही तोंडं दिसत होती. दोघांनाही हसू आलं होतं. खरं, मनापासून, लहानपणी यायचं तसं. एकानं जरी ते दुसऱ्याला दाखवलं असतं ना, तर सगळं तिथल्या तिथे मिटलं असतं, आणि आज मी ही गोष्ट सांगत बसले नसते. पण दोघांनी हसू गिळलं.

त्याच सकाळी उशिरानं मला खिडकीजवळच्या कोपऱ्यात लावलं. खाली प्लास्टिक होतं. थोरल्याला वाटलं, यानं सारलंय. धाकट्याला वाटलं, दादा वर चढण्याआधी बघेलच. तोंडानं विचारायला दोन शब्द पुरले असते. थोरला चढला.

तो वर कडा भरत होता. धाकट्यानं मला धरलं होतं. मला माझे पाय सरकल्याचं जाणवलं, बोटभर. धाकट्यालाही जाणवलं. त्यानं खाली पाहिलं, प्लास्टिक पाहिलं, आणि त्याचा हात थंड पडला, तो मला लाकडातून लागला. त्यानं पायाचा जोर माझ्या खालच्या पायरीवर दिला. मी थांबले. आता एकच करायचं होतं. वर बघून म्हणायचं, “दादा, उतर.”

त्यानं तोंड उघडलं, मी शपथेवर सांगते. पण आवाज निघाला तो, “बाई! जरा इकडे येता का?”

बाईंनी स्वयंपाकघरात नळ सोडलेला. त्यांना काही ऐकू गेलं नाही. धाकट्यानं माझ्या दांड्यावर टकटक केलं. वरचा ब्रश क्षणभर थांबला. थोरला वाट बघत होता, मला कळत होतं, हाकेची. हाक आली नाही. ब्रश पुन्हा फिरायला लागला.

मग धाकट्यानं ते केलं, जे कुठल्याही शहाण्या रंगाऱ्यानं केलं नसतं. दादाला ‘उतरा’ म्हणा, एवढं बाईंना सांगायला तो स्वयंपाकघराकडे गेला. त्याला वाटलं असेल, मी थांबलेय, दादा एका जागी उभा आहे, दोन पावलांवर तर बाई आहेत. मी हलणार नाही असं मलाही क्षणभर वाटलं होतं.

थोरल्यानं वरून पाहिलं. भाऊ पाठ करून निघाला होता. “सोडू का” नाही, काही नाही. थोरल्याच्या पोटऱ्या ताठ झाल्या. मी हलतेय हे त्यालाही कळलं होतं. कळलं असणारच, इतकी वर्षं माझ्यावर उभा राहिलाय. तो गुपचूप उतरू शकत होता, ओरडू शकत होता. त्यानं काय केलं? रागानं हात आणखी लांब करून पलीकडचा कोपरा गाठायला गेला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे.

त्याला दवाखान्यातून घरी आणलं, मला हातगाडीवरून. डॉक्टरांनी सांगितलं, चालेल, पण पुन्हा शिडी नाही. खिडकीखाली पडल्या पडल्या मी घरातलं ऐकायला लागले, आणि बाहेरचंही. बाहेर जास्त ऐकायला मिळायचं.

गोष्ट एका घरातून दुसऱ्या घरात कधी रिकाम्या हातानं जात नाही. बाई त्यांच्या इस्त्रीवालीला एवढंच म्हणाल्या होत्या, “आवाज आला तेव्हा तो तर माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभा होता.” यात खोटं काहीच नव्हतं. इस्त्रीवालीनं कपड्यांबरोबर ते वाक्यही घडी घालून घरोघर पोचवलं. जिन्यापर्यंत येईतो त्याचं ‘धाकट्यानं शिडी सोडली’ झालं. शिंपीणबाईंच्या मशीनवर त्याला ‘मुद्दाम’ची पट्टी लागली. पुढच्या आठवड्यात दोन अनोळखी माणसं माझ्या डोक्यावर उभी राहून बोलत होती की धाकट्यानं म्हणे खालून पाय ओढला, धंदा एकट्याचा व्हावा म्हणून. आणि एकानं तर मान हलवून सांगितलं, “मला आधीच वाटलं होतं.” या ‘आधीच वाटणाऱ्या’ माणसांना आधी कुणी विचारत का नाही, देव जाणे.

मला ओरडून सांगावंसं वाटायचं. पण शिडीच्या तोंडावर कोण विश्वास ठेवणार, आणि मुळात तोंड कुठाय?

घरात याहून वाईट चाललं होतं. धाकटा दादाचं सगळं करायचा. उशी सरळ करायचा, भांडं द्यायचा, औषधाची बाटली हलवून द्यायचा, सगळं तोंड मिटून. थोरला छताकडे बघत असायचा. एकदा तो बायकोला म्हणाला, हळूच, पण खिडकी उघडी होती, “मी वरून बघितलं. पाठ करून चालला होता.”

“कशाला?”

“त्यालाच विचार.”

म्हणजे बाहेरचे काहीही म्हणोत, थोरल्याच्या मनातही तेच घर करून बसलं होतं. भावानं मला सोडलं. आणि धाकट्याला बोलायचं तर काय बोलायचं? ‘तू पडू नयेस म्हणून मी बाईंना निरोप सांगायला गेलो होतो’? आपला वेडेपणा मोठ्यानं म्हणायला गुन्हा कबूल करण्यापेक्षा जास्त धीर लागतो. तो गप्प राहिला, आणि त्याचं गप्प राहणं लोकांनी कबुलीत जमा केलं. शेवटी त्यानं दुसऱ्या गावच्या कंत्राटदाराकडे काम बघितलं. जायचं ठरलं. घरात सांगितलं नाही, पण त्याचे ब्रश त्यानं माझ्याशेजारी बसून धुतले, एकेक केस सरळ करून. कामाला जाताना माणूस ब्रश असे धूत नाही. कायमचा जाताना धुतो.

तो निघायच्या आदल्या दिवशी शिकवणीच्या बाई थोरल्याला भेटायला आल्या. इकडचं तिकडचं झालं. उठता उठता दारात वहिनीला म्हणाल्या, “मला तर अजून डोळ्यांसमोर दिसतो हो. दारात उभा, चेहरा पांढराफटक, काहीतरी सांगायला तोंड उघडलेलं, आणि तेवढ्यात धाडकन आवाज.”

“काय सांगायला?” वहिनीनं विचारलं.

“ते राहूनच गेलं की. मीही विचारलं नाही. आता कसं विचारायचं?”

बाई गेल्या. वहिनी दारात बराच वेळ उभी होती. तिच्या पावलांचा भार माझ्या टोकाशी पडला होता, म्हणून कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा पिशवी खांद्याला लावून बाहेर आला आणि वहिनी त्याच्या वाटेत उभी राहिली.

“निघालात भाऊजी?”

“हं.”

“दादाला सांगितलंत?”

“तुम्ही सांगा.”

मग वहिनीचा आवाज चढला, आणि त्यात ‘तुम्ही’ गेलं नि ‘तू’ आलं. तो अर्ध्या चड्डीत होता तेव्हा ती या घरात आली होती, तेव्हाचं ‘तू’.

“मी नाही सांगणार. तुम्हा दोघांची वाणी होऊन होऊन माझी स्वतःची गेली. आता मला फक्त एक उत्तर दे आणि खुशाल जा. त्या दिवशी तू शिडी सोडलीस की नाही?”

आत पलंग करकरला. वर जिन्यात कुणाचं तरी पाऊल थांबलं. कुणाचं ते काय सांगायला हवं?

“सोडली,” धाकटा म्हणाला.

“का?”

त्यानं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. “बाईंना सांगायला गेलो होतो.”

“काय?”

“की त्यांना सांगा… दादाला सांगा, शिडी सरकतेय, उतरा.”

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. आधी तिला हसू फुटलं, अगदी विचित्र, आणि ते मधेच मोडलं. ती माझ्यावरच बसली, तडकलेल्या पायरीच्या शेजारी, आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून रडली.

“दोन शब्द,” ती म्हणाली. “अरे, दोन शब्द होते. शिवी घातली असतीस तरी चाललं असतं.”

आतून थोरल्याचा आवाज आला. “अगं, त्याला सांग…”

“मी मेले!” वहिनी ओरडली. “या घरात आजपासून निरोप सांगणारी मेली असं समजा!”

धाकटा एकदा रस्त्याकडे बघत होता, एकदा दाराकडे. मी जन्मात पुष्कळ वजनं पेलली, पण त्या शांततेएवढं जड काही माझ्यावर कधी उभं राहिलं नव्हतं. तो आता जातो, असं मला वाटलं. त्यानं एक पाऊल टाकलंही.

“छोट्या.”

आवाज अगदी हळू होता. धाकटा थांबला.

“मला कळलं होतं, सरकतेय ते,” थोरला आतून म्हणाला. “तू पाठ फिरवलीस त्याच्या आधी कळलं होतं. मी हाक मारली नाही.”

धाकट्यानं पिशवी खाली ठेवली. आत गेला की नाही? गेला. आत काय बोलणं झालं? ते मला ऐकू आलं नाही, कारण वहिनीनं उठून खिडकी लावून घेतली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या खिडकीचा मला राग आला, आणि पहिल्यांदाच तो राग मला पटला नाही.

मग वहिनी जिन्याकडे वळली आणि मोठ्यानं म्हणाली, “जे कुणी वर उभं आहे त्यांनी ऐकलंच असेल. त्यानं शिडी सोडली होती, एवढं खरं आहे. घरोघर सांगायचं असेल तर तेवढंच सांगा. बाकीचं तुमचं तुमच्याकडे ठेवा.”

पावलं वर गेली. पण लोक नुसतं खरं थोडंच सांगतात? त्याला चव नसते. अजूनही बोळातून जाताना एखादा दुसऱ्याला कोपर मारतो आणि घराकडे बघतो.

आणि सगळं गोड झालं म्हणाल, तर तसंही नाही. दोघे बोलतात, पण काचेचं भांडं उचलावं तसं जपून बोलतात. “चहा घेतोस?” “घेतो.” “साखर?” “चालेल.” पूर्वी हे असं काही विचारायचे नाहीत, एकमेकांच्या कपातलं ओतून घ्यायचे. थोरला आता काठी घेऊन बोळाच्या तोंडापर्यंत जातो आणि परततो. समोरच्या इमारतीला कुणी परका रंगारी रंग देत असला की तो तिकडे बघत नाही. धाकटा दुसऱ्या गावाला गेला नाही. इथेच कामं घेतो, घडीची लोखंडी शिडी घेऊन. ती चांगली आहे म्हणे. असेल.

मला वहिनीनं भिंतीवर आडवी टांगून ठेवलंय, दोरीनं बांधून. माझ्या पायऱ्यांवर टॉवेल वाळतात, थोरल्याचे सदरे वाळतात. उंच जायचे दिवस संपले. तक्रार नाही, पण तुमच्यासारख्या जाणत्या माणसांना हात जोडून एक सांगणं आहे. तुमच्या घरात कुणी कुणाशी बोलत नसेल, तर मधे उभं राहून निरोप पोचवू नका. पुण्य वाटतं ते, पण त्यानं अबोल्याला पाय फुटतात. आणि तुमचाच अबोला असेल, तर भांडा बापडे, आरडाओरडा करा, चार घरं जागी करा. फक्त जो वर चढलाय त्याला खालचं काय दिसतंय ते सांगत राहा. तेवढ्यापुरता अभिमान बाजूला ठेवला तर तो कुठे जात नाही, परत आल्यावर जागेवरच सापडतो.

काल सकाळची गोष्ट. धाकटा बोळात बूट घालत होता. थोरला काठीवर रेलून दारात उभा होता.

“आज कुठे?” त्यानं विचारलं.

“शाळेत. मोठा हॉल आहे.”

“उंच असेल.”

“आहे.”

थोरल्यानं काठी या हातातून त्या हातात घेतली. “धरायला कोण?”

“एक म्हातारा मिळालाय. पूर्वी पाट्या रंगवायचा.”

“बोलतो का?”

“थांबतच नाही. डोकं उठवतो.”

“असू दे,” थोरला म्हणाला. “असू दे. त्याला सोडू नकोस.”

धाकट्यानं मान हलवली, लोखंडी शिडी खांद्यावर घेतली आणि गेला. थोरला तो वळणापलीकडे जाईपर्यंत बघत राहिला, आणि मग, काही कारण नसताना, माझ्यावरचा एक ओला टॉवेल पिळून पुन्हा तिथेच टाकला.